थांबावें कीं निघावें?

मृग नक्षत्र जवळ येऊं लागलें कीं आमच्या उपनगरांतील घराघरांत ठराविक तयारी चालू होते. छपरावर ताडपत्री चढते, मोडक्या छत्र्या दुरुस्तीस जातात, मुलांच्या वह्यापुस्तकांस प्लास्टिकचीं वेष्टनें लागतात, आणि गृहिणी पापड, लोणचीं व मसाले बरण्यांत भरून ठेवितात. ही तयारी आमच्या आईबापांनीं केली व त्यांच्या आईबापांनींही केली. तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु एक गोष्ट बहुधा राहून जाते. एखाद्या दिवशीं पावसानें कहर केला, तर घरांतील कोणीं कोठें थांबावयाचें व कोणीं कोठून निघावयाचें, हें आधीं बसून कोणी ठरविलेलें नसतें. आमच्या मतें ताडपत्रीपेक्षां हा ठराव अधिक महत्त्वाचा आहे. त्याचें कारण सांगण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

२६ जुलै २००५ हा दिवस आज शाळेंत शिकणाऱ्या एकाही विद्यार्थ्यानें पाहिलेला नाहीं. त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या आईबापांनीं मात्र तो पाहिला आहे, आणि पाहणारास तो विसरणें शक्य नाहीं. तो मंगळवार होता. सकाळीं श्रावणापूर्वींचा नेहमीचा पाऊस होता. मुलें शाळेस आलीं, मोठीं माणसें लोकलनें फोर्ट-चर्चगेटकडे कामास गेलीं. दुपारीं दोननंतर आभाळ असें कोसळूं लागलें कीं समोरचें घर दिसेना. सांताक्रूझच्या वेधशाळेंत दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठपर्यंतच्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. संपूर्ण जुलै महिन्यांत जेवढा पडावयाचा, त्याहून अधिक पाऊस एका दिवसांत पडला. विहार तलावाच्या परिसरांत तर त्यानें हजार मिलिमीटरांचा आंकडा ओलांडला. त्याच २४ तासांत कुलाब्यास किती पाऊस झाला? ७४ मिलिमीटरांच्या आसपास. म्हणजे फोर्टमधील कचेरींत खिडकीशीं बसलेल्या बापास साधा पावसाळी दिवस दिसत होता, आणि त्याचें मूल वीसपंचवीस किलोमीटरांवर पाण्यानें वेढलेल्या शाळेंत बसलें होतें. या फरकाची आठवण वाचकांनीं ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

मिलिमीटर हा शब्द वर्तमानपत्रांत रोज वाचूनही त्याचा अर्थ पुष्कळांच्या मनांत उतरत नाहीं. सपाट जागेवर पडलेलें पाणी वाहून गेलें नाहीं, मुरलें नाहीं व आटलें नाहीं, तर त्याची जी उंची होईल ती मिलिमीटरांत सांगतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. आतां सहा मीटर रुंद व आठ मीटर लांब असा शाळेचा एक वर्ग घ्या. त्याचें क्षेत्रफळ ४८ चौरस मीटर. त्याच्या छपरावर त्या दिवशीं ४८ गुणिले ९४४, म्हणजे ४५,३१२ लिटर पाणी पडलें. दहा हजार लिटर पाण्याचा टँकर आपण रस्त्यानें जातांना पाहतों. तसे साडेचार टँकर एका वर्गाच्या छपरावर ओतले गेले असें समजा. सातवीच्या मुलांनीं हें गणित आपल्या घराचें छप्पर मोजून करावें, आणि मग गल्लींतील सगळीं घरें मोजावीं.

हें पाणी जावयाचें कोठें? मुंबईचीं जुनीं पावसाळी गटारें ताशीं २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील, तेंही ओहोटी असेल तर, अशा मानानें बांधलेलीं होतीं. तें मान ५० मिलिमीटर करावें अशी सूचना १९९३ सालच्या अहवालांत झाली होती. त्या कामास खरी गति मात्र २००५ नंतरच आली. २६ जुलैच्या दुपारीं एका तासांत १९० मिलिमीटर पाऊस झाला. पंचवीस आणि एकशें नव्वद! या दोन आंकड्यांच्या पुढें कोणावर रागावून फारसा उपयोग नाहीं.

‘ओहोटी असेल तर’ हे शब्द आम्हीं मुद्दाम घातले. आमचे बहुतेक नाले खाडींत किंवा समुद्रांत उतरतात, आणि समुद्र भरलेला असला म्हणजे नाल्याचें तोंड बंद होतें. उघड्या नळाखालीं भरलेली बादली ठेवावी तसा हा प्रकार आहे. भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत कोळीवाड्यांत व कोंकणांतील बंदरांत लोकांस तोंडपाठ असते. चालू तिथीचा आंकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीस सहाच्या सुमारास. पौर्णिमेस व अमावास्येस सवाअकराच्या सुमारास. सुमारें साडेबारा तासांनीं तीच भरती पुन्हां येते. ही रीत ढोबळ आहे व तिच्यांत तासभराचा फरक पडतो. नेमकी वेळ वर्तमानपत्रांत व महानगरपालिकेच्या कोष्टकांत मिळते. तरी ज्या मुलास तिथीवरून भरती सांगतां येते, त्याचें पंचांग व भूगोल हे दोन्ही विषय एकदम सुधारतात असा आमचा अनुभव आहे. २६ जुलैला पौर्णिमा होऊन पांच दिवस झाले होते आणि उधाण उतरणीस लागलें होतें. तरीसुद्धां दुपारीं ३ वाजून ५० मिनिटांनीं ४.४८ मीटरांची भरती होती, आणि पावसाचा मोठा मारा नेमका त्याच वेळीं चालू होता.

भूमीची रचनाही ध्यानांत घेतली पाहिजे. आमचीं उपनगरें साष्टी बेटावर आहेत. या बेटाच्या मध्यावर उत्तर-दक्षिण डोंगर पसरला आहे. त्याचा मोठा भाग आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत मोडतो. डोंगराच्या पश्चिम अंगास दहिसर, पोयसर व ओशिवरा या नद्या उतरतात. पवई व विहार तलावांचा सांडवा घेऊन मिठी नदी साकीनाका, कुर्ला, कलिना यांवरून माहीमच्या खाडीस मिळते. पूर्वेकडे मुलुंड, भांडुप, विक्रोळी व घाटकोपर येथील ओढे ठाण्याच्या खाडीची वाट धरितात. यांतील एकही नदी लांब नाहीं. मिठी सर्वांत मोठी म्हणावी, तर तीही अठरा किलोमीटरांच्या आसपास. गोदावरीस पूर आला तर वरच्या गांवाहून खालच्या गांवीं निरोप पोंचावयास वेळ असतो. येथें डोंगरावर पडलेलें पाणी तासदोन तासांत आपल्या उंबऱ्याशीं येऊन उभें राहतें. त्यांत मिठीच्या पात्रांत भराव पडले होते व विमानतळाजवळ ती काटकोनांत वळविली होती. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीनें पुढें या सर्व गोष्टींचा तपशिलानें विचार केला. तो विषय मोठ्या माणसांचा व सरकारचा आहे. आमचा विषय घराचा आहे.

त्या दुपारीं लोकल बंद पडल्या, टेलिफोन मुके झाले, उपनगरांच्या मोठ्या भागांत वीज तोडावी लागली. लाखों माणसें रस्त्यावर होतीं व प्रत्येकाचें तोंड घराकडे होतें. मोटारीच्या कांचा वर करून बसलेले कांहीं लोक आंतल्या आंत गुदमरून मेले. बाहेरच्या पाण्याच्या दाबानें दारें उघडतां येईनात. जोगेश्वरी-गोरेगांवकडील तबेल्यांत म्हशी दावणीस बांधलेल्या तशाच बुडाल्या. त्या पावसांत महाराष्ट्रभर हजाराहून अधिक माणसें दगावलीं.

त्या वर्षीं आम्ही अंधेरी पूर्वेकडील एका शाळेंत शिकवीत होतों. तीनच्या सुमारास पटांगणांत घोट्याएवढें पाणी आलें, तेव्हां जवळ राहणारीं कांहीं मुलें शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर घरीं निघालीं. उरलेल्यांस आम्हीं पहिल्या मजल्यावर घेतलें. निघालेल्यांत सहावीची एक मुलगी होती. संध्याकाळीं सहा वाजतां तिचे वडील छातीभर पाण्यांतून, लोकांनीं बांधलेला दोर धरून, शाळेच्या जिन्याशीं आले. कारखान्यांतून निघून ते तीन तास चालत होते. मुलगी शाळेंत नाहीं हें ऐकतांच ते आल्या पावलीं परत पाण्यांत उतरले. आम्हीं हात धरला तो त्यांनीं सोडविला. घरीं पोंचले तों मुलगी तेथेंही नाहीं, आणि मुलीस व नवऱ्यास शोधावयास तिची आई बाहेर पडलेली. ते पुन्हां निघाले. तीन माणसें तीन ठिकाणीं, आणि एकमेकांस निरोप पोंचविण्याचा मार्ग नाहीं, अशी ती रात्र गेली. सकाळीं कळलें कीं मुलगी शाळेपासून चार इमारती पलीकडे, दुसऱ्या मजल्यावरच्या एका अनोळखी कुटुंबाकडे वरणभात जेवून झोंपली होती. आई एका देवळाच्या ओट्यावर रात्रभर उभी होती. वडील मात्र उघड्या गटारांत गेले होते. दोघां रिक्षावाल्यांनीं शर्ट धरून त्यांना ओढून काढलें. दोन दिवसांनीं ते शाळेंत आले आणि म्हणाले, “सर, पोरगी सुखरूपच होती हो. बुडतां बुडतां वांचलों तो मी.”

हें वाक्य आम्ही आजवर विसरलों नाहीं. पाण्याच्या संकटांत, जें मूल पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर मोठ्या माणसांच्या नजरेखालीं आहे, तें त्याला आणावयास निघालेल्या बापापेक्षां कितीतरी सुरक्षित असतें. आईबापांचें काळीज हें मानीत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु पाण्याला काळीज नाहीं. गुडघ्याएवढें वाहतें पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलतें. दोन फूट वाहत्या पाण्यांत बहुतेक मोटारी तरंगूं लागतात व चाकांचा धर सुटतो. गढूळ पाण्याखालीं रस्ता कोठें संपला आणि नाला कोठें सुरू झाला हें दिसत नाहीं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसांत मुंबईंतील एक नामांकित डॉक्टर अडकलेली मोटार सोडून पायीं घरीं जात असतां उघड्या मॅनहोलमध्यें वाहून गेले. त्यांचें शव दोन दिवसांनीं वरळीच्या किनाऱ्याशीं सांपडलें. पाणी लवकर उतरावें म्हणून मॅनहोलचें झांकण काढणारांच्या हातून काय होतें, तें यावरून कळेल. आमच्या मुलांनीं तें झांकण कधीं काढूं नये व कोणी काढीत असेल तर मोठ्यांस सांगावें.

म्हणून सखल भागांतील घरांसाठीं ठराव असा कीं, जो जेथें उंच व पक्क्या जागीं आहे, त्यानें तेथेंच थांबावें, आणि कोणीही कोणास आणावयास जाऊं नये. पाणी उतरेपर्यंत, मग रात्र झाली तरी. कुलाब्याचे ७४ आणि सांताक्रूझचे ९४४ हे दोन आंकडे येथें आठवावे. कचेरीच्या खिडकींतून दिसणाऱ्या आभाळावरून घराकडील पाण्याचा अंदाज बांधूं नये. त्या वेळीं मुंबईंत आजच्यासारखें पावसाचा वेध घेणारें डॉप्लर रडार नव्हतें. आतां कुलाब्यास एक आहे व अंधेरीजवळ वेरावली येथें २०२२ सालीं दुसरें सुरू झालें. भारतीय हवामान खात्याचा लाल इशारा म्हणजे २४ तासांत २०४ मिलिमीटरांहून अधिक पावसाची शक्यता, हें तरी प्रत्येक घरीं ठाऊक असावें. तो इशारा सकाळीं आला असेल तर घरींच रहावें. दुपारीं आला तर जेथें आहां तेथें रहावें. पालकांस आमची विनंती आहे कीं, रस्त्यावर पाणी आलें असतां आम्ही मुलांस सोडलें नाहीं, तर आमच्यावर रागावूं नये.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, चला, थांबावयाचें हेंच काय तें शिकलों. तसें नाहीं. आमच्या उपनगरांत अशींही हजारों घरें आहेत जेथें थांबणें हाच घात आहे.

त्याच २६ जुलैच्या दिवशीं साकीनाक्याजवळ टेकडीची दरड घरांवर कोसळली व सत्तराहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. त्यापूर्वीं पांच वर्षें, जुलै २००० मध्यें, घाटकोपरच्या आझाद नगरांत दरड येऊन साठाहून अधिक माणसें मेलीं. १ जुलै २०१९ च्या मध्यरात्रीनंतर मालाडच्या पिंपरीपाड्यांत भिंत झोंपड्यांवर आली. तीसएक माणसें गेलीं. १८ जुलै २०२१ रोजीं उत्तररात्रीं विक्रोळीच्या सूर्यनगरांत व चेंबूरच्या भारतनगरांत तसेंच झालें. शेवटच्या तिन्ही ठिकाणीं माणसें झोंपेंत होतीं. मुंबईबाहेर पाहावें तर ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवाचा मोठा भाग डोंगराखालीं गेला व दीडशें माणसें दगावलीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं रायगड जिल्ह्यांत इर्शाळवाडीवर तोच प्रसंग आला.

डोंगर एकाएकीं कां सुटतो? आमच्या डोंगरांचा कातळ काळा व मजबूत आहे. पण त्याच्यावर ऊन, वारा व पाणी यांनीं कुजलेल्या दगडाचा मुरूम आणि त्यावर माती असा थर असतो. कोरडा असतां तो आपल्याच घर्षणानें धरून राहतो. सतत पावसानें त्यांत पाणी भरलें म्हणजे त्याचें वजन वाढतें, आणि कणाकणांमधल्या पाण्याच्या दाबानें त्यांची एकमेकांवरची पकड ढिली होते. त्यांतच कोणी घर बांधण्यासाठीं उताराचा पायथा खणलेला असला, झाडें तोडलेलीं असलीं, वरून कोणाच्या मोरीचें पाणी सोडलेलें असलें, तर निमित्तास फार लागत नाहीं. मालाडसारख्या उंच भिंतीचेंही असेंच. भिंतीमागें साठलेलें पाणी जावें म्हणून भिंतींत छिद्रें ठेवावयाचीं असतात. तीं नसलीं, किंवा मातीनें भरून गेलीं, किंवा घाण पाणी अंगणांत येतें म्हणून कोणी चिंध्या कोंबून बुजविलीं, कीं भिंत भिंत न राहतां धरण होते. आणि धरणासारखी ती बांधलेली नसते. ज्यांच्या घरामागें अशी भिंत आहे त्यांनीं हीं छिद्रें एप्रिल-मे महिन्यांत काठीनें मोकळीं करून घ्यावीं. या कामास पैसा लागत नाहीं.

दरड येण्यापूर्वीं पुष्कळदां डोंगर बोलतो. वरच्या अंगास जमिनीला नवी भेग पडते. सरळ उभा असलेला विजेचा खांब किंवा झाड कलूं लागतें. घराचें दार, जें कालपर्यंत सहज लागत होतें, चौकटींत अडकूं लागतें. कोठून तरी नवा गढूळ झरा फुटतो, अथवा नेहमीचा झरा एकाएकीं थांबतो. लहान लहान खडे घरंगळून पत्र्यावर वाजतात. पत्र्यावर पावसाचा आवाज मोठा असतो, तरी खड्याचा आवाज वेगळा ओळखूं येतो. यांतील एक जरी खूण दिसली, तरी सामान गोळा करीत न बसतां निघावें, आणि उताराच्या खालीं न धांवतां आडव्या बाजूस जावें. परंतु खुणा दिसतीलच याचा भरंवसा नाहीं, आणि रात्रीं तर त्या दिसतच नाहींत. म्हणून उताराखालील घराचा ठराव असा असावा: लाल इशारा आला कीं दिवस मावळण्यापूर्वीं निघावें. एखाद्या नातलगाकडे, ओळखीच्या घरीं, महानगरपालिकेनें उघडलेल्या शाळेंत, जेथें आधीं ठरलें असेल तेथें. दहा वेळां निघालें व दहाही वेळां कांहीं झालें नाहीं, तर शेजारीं हंसतील. त्यांस हंसूं द्यावें. घर सोडून जाणारांच्या मनांत चोरीची भीति असते, व ती खोटीही नसते. म्हणून गल्लींतील चार घरांनीं एकत्र ठरवून निघावें, दागिना व कागदपत्र बरोबर घ्यावे, आणि भांड्यांचा मोह सोडावा.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, आपलें घर यांपैकीं कोणतें? हें ओळखणें वाटतें तितकें कठीण नाहीं, आणि मे महिन्याच्या सुटींत मुलांस याहून चांगला उद्योग नाहीं. घरांतील किंवा शेजारच्या सर्वांत वृद्ध माणसास विचारावें कीं पाणी कोठवर आलें होतें. तेथें भिंतीवर खडूनें रेघ ओढावी. जुनीं गांवठाणें पुष्कळदां थोड्या उंचवट्यावर आहेत, कारण तीं वसविणाऱ्या शेतकऱ्यांस व कोळ्यांस पाणी कोठें येतें हें ठाऊक होतें. भातशेतें, खाजणें व मिठागरें खालीं असत. आपली इमारत गांवठाणांत आहे कीं जुन्या शेतांत, खाजणांत, बुजविलेल्या तळ्यांत, हें म्हातारीं माणसें सांगतात. अंधेरीच्या सबवेसारखी, दरवर्षीं पहिल्या मोठ्या पावसांत बंद होणारी जागा आपल्या शाळेच्या वाटेवर आहे काय, हेंही पाहावें. मग घरामागें जावें. उतार असेल तर त्याची उंची व घरापासूनचें अंतर पाहावें. कांहीं घरें अशीं असतात कीं पुढें नाला व मागें डोंगर. साकीनाका, पवई, भांडुप, घाटकोपर येथें तीं थोडीं नाहींत. अशा घरीं डोंगराचा नियम आधीं लावावा; पाणी चढतांना दिसतें व वर जाण्यास वेळ देतें, दरड वेळ देत नाहीं. तो नियम लावावयाचा तोही पाणी वाटेवर येण्यापूर्वींच.

ठरलें तें एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आंतल्या बाजूस चिकटवावें. त्यावर प्रत्येकाचें नांव व तो पाण्यांत अडकला तर कोठें थांबेल तें असावें. आजी-आजोबांस व तान्ह्या मुलास कोण हात देईल तें असावें. मुंबईबाहेरच्या, पुण्याच्या किंवा नाशिकच्या, एका नातलगाचा दूरध्वनि क्रमांक सर्वांनीं पाठ करावा. घरांतील प्रत्येकानें त्यालाच ‘मी अमुक जागीं सुखरूप आहें’ एवढें कळवावें. संकटांत प्रत्येकजण प्रत्येकास शोधूं लागला कीं तारा तुंबतात; निरोप ठेवणारा एक असला म्हणजे काम सोपें होतें. महानगरपालिकेचा १९१६, तातडीच्या मदतीचा ११२ व अग्निशमन दलाचा १०१ हेही क्रमांक त्यावर असावे. मोबाइलमध्यें ते आहेतच असें मुलें म्हणतील; मोबाइलची बॅटरी त्या रात्रीं किती तास टिकली तें आईस विचारावें.

सामानाविषयीं फार लिहीत नाहीं, कारण गृहिणींस तें आमच्याहून अधिक कळतें. विजेरी, काडेपेटी, चणे-गूळ-चुरमुरे, नेहमीचीं औषधें, उकळून भरून ठेवलेलें दोन दिवसांचें पाणी, आणि रेशनकार्ड, शाळेचे दाखले वगैरे कागद प्लास्टिकच्या पिशवींत वरच्या फळीवर. पाणी घरांत येण्यापूर्वीं, हात व पाय कोरडे असतांच, विजेचा मुख्य खटका खालीं करावा व गॅसचें बटण बंद करावें. वारंवार विसरली जाणारी गोष्ट म्हणजे म्हातारीं माणसें तळमजल्यावर झोंपलेलीं असतात. पावसाळ्याचे चार महिने त्यांचें अंथरूण वर नेतां आलें तर न्यावें.

पाणी उतरल्यावर धोका उतरतो असें नाहीं. २००५ च्या ऑगस्टांत लेप्टोस्पायरोसिस या तापानें मुंबईंत अनेक बळी घेतले. उंदीर, घुशी व गुरें यांच्या लघवींतून हे जंतु पाण्यांत येतात व पायाच्या लहानशा जखमेंतूनही शरीरांत शिरतात. ताप लगेच येत नाहीं. बहुधा पांच ते चौदा दिवसांनीं येतो, तेव्हां पाण्यांतून चालल्याची आठवणही राहिलेली नसते. म्हणून पुराच्या पाण्यांतून जावें लागलें असेल तर ७२ तासांच्या आंत दवाखान्यांत जाऊन प्रतिबंधक औषधाविषयीं विचारावें. गरोदर स्त्रियांस व लहान मुलांस औषध वेगळें असतें, यासाठीं शेजाऱ्याची गोळी मागून घेऊं नये.

पावसाळा जूनमध्यें सुरू होतो ही समजूतही जरा सैल करावी. १३ मे २०२४ रोजीं घाटकोपरला वादळी वारा सुटला व पेट्रोल पंपावर १२० फूट लांब व १२० फूट उंच असा जाहिरातीचा फलक कोसळून १७ माणसें मेलीं. आडोसा शोधणाऱ्या माणसानें वर पाहावें, हें त्या दिवशीं अनेकांस कळलें. भूकंपाचा विषय निराळा आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीस तो झाला तेव्हां लोकांस एक क्षणही मिळाला नाहीं. त्याच्याविषयीं कधीं तरी स्वतंत्र लेख लिहूं. पाऊस निदान वर्दी देऊन येतो, आणि आभाळाकडे पाहून निर्णय घेण्यास सकाळ-दुपारचा अवकाश देतो.

वर ज्या सहावीच्या मुलीची गोष्ट सांगितली, ती आज स्वतः आई आहे व तिचा मुलगा पहिलींत शिकतो. मागील वर्षीं आम्ही तिच्या घरीं गेलों असतां तिनें कपाटाचें दार उघडून आंतला कागद दाखविला. सर्वांचीं नांवें, सर्वांच्या जागा, नाशिकच्या मावशीचा क्रमांक, सारें व्यवस्थित होतें. सर्वांत खालीं लाल शाईनें एक ओळ होती: “आजोबांनीं कोणालाही आणायला निघूं नये.” आजोबा शेजारींच बसले होते. ते म्हणाले, “सही माझीच आहे खालीं, बघा.”